नाशिकमधील महाविद्यालयीन क्रीडासंघ व खेळाडूंचे स्थलांतर

नाशिकमधील महाविद्यालयीन क्रीडासंघ व खेळाडूंचे स्थलांतर या विषयात विद्यार्थी-खेळाडूने एक महाविद्यालय किंवा विद्यापीठ सोडून दुसरीकडे प्रवेश घेणे, त्याच्या पात्रतेविषयीचे नियम आणि या दोहोंचा संघांच्या रचनेवर होणारा परिणाम यांचा समावेश होतो. नाशिक शहरातील गंगापूर रोड आणि त्याच्या लगतचा कॉलेज रोड या भागात शहरातील अनेक जुनी महाविद्यालये व क्रीडांगणे एकवटलेली असल्यामुळे या विषयाच्या अभ्यासासाठी हा परिसर प्रातिनिधिक मानता येतो.

भारतातील महाविद्यालयीन खेळात खेळाडू आणि संघ यांच्यात सहसा करार नसतो. विद्यार्थ्याचा प्रवेश हाच त्याचा संघाशी असलेला संबंध होय. प्रवेश बदलला की संघ बदलतो आणि प्रवेश संपला की संघातील स्थानही संपते. त्यामुळे खेळाडूंच्या हालचालींवर क्रीडानियमांइतकाच प्रवेशप्रक्रिया, विद्यापीठांच्या सीमा, अभ्यासक्रमांची रचना आणि नोकरभरती यांचा प्रभाव पडतो. यांपैकी बहुतेक निर्णय क्रीडासंघांचा विचार करून घेतलेले नसतात, तरीही त्यांचे परिणाम संघांना भोगावे लागतात.

पार्श्वभूमी

गंगापूर रोड हा रस्ता अशोक स्तंभापासून पश्चिमेस गोदावरीच्या कडेकडेने आनंदवली, सोमेश्वर या भागांतून गंगापूर धरणाच्या दिशेने जातो. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाज या संस्थेचे कर्मवीर रावसाहेब थोरात कला, भाऊसाहेब हिरे वाणिज्य व अण्णासाहेब मुरकुटे विज्ञान महाविद्यालय याच रस्त्यावर आहे. १९६९ साली सुरू झालेले हे महाविद्यालय केटीएचएम या नावाने ओळखले जाते. याच संस्थेचे कर्मवीर बाबूराव ठाकरे अभियांत्रिकी महाविद्यालय उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात आहे. जवळच डॉ. मुंजे पथावर रामभूमी परिसरात भोसला सैनिकी शाळा व महाविद्यालय आहे. या शिक्षणसंकुलाची पालक संस्था असलेली सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी १९३५ साली, तर शाळा १९३७ साली स्थापन झाली. कॉलेज रोडवरील हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ सालचे असून ते गोखले एज्युकेशन सोसायटीचे आहे. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आहे.

या महाविद्यालयांतील खेळाडू केवळ शहरातून येत नाहीत. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, चांदवड अशा तालुक्यांतील विद्यार्थी पदवीच्या शिक्षणासाठी शहरात येतात. त्यांच्यातूनच लांब पल्ल्याचे अनेक धावपटू पुढे आले. गोदावरीच्या पात्रामुळे केटीएचएम महाविद्यालयाला बोट क्लब चालवता आला आणि नौकानयनासारखा इतरत्र सहज उपलब्ध नसलेला खेळ येथे रुजला. या दृष्टीने येथील महाविद्यालयात प्रवेश घेणे हेही एक स्थलांतरच असते. गावातील शाळा, शहरातील महाविद्यालय आणि त्यापुढे दुसरे विद्यापीठ किंवा नोकरी अशा टप्प्यांत खेळाडूचा प्रवास होतो.

संघरचना

नाशिक जिल्ह्यातील बहुतेक पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धांसाठी महाविद्यालयांचे भौगोलिक विभाग करण्यात आले असून नाशिक हा त्यांपैकी एक आहे. संघनिवडीचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात:

• आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा: नाशिक विभागातील महाविद्यालयांचे संघ परस्परांशी खेळतात.
• आंतरविभागीय स्पर्धा: प्रत्येक विभागाचा निवडक संघ विद्यापीठ स्तरावर खेळतो. येथील कामगिरी आणि निवड चाचणी यांतून विद्यापीठाचा संघ ठरतो.
• आंतरविद्यापीठ स्पर्धा: भारतीय विद्यापीठ संघ अर्थात एआययू या संस्थेच्या वतीने या स्पर्धा होतात. सांघिक खेळांत प्रथम प्रादेशिक आणि नंतर अखिल भारतीय स्पर्धा होते. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात.

यांशिवाय महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी अश्वमेध हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव भरतो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांची भर पडली. विद्यापीठांच्या एकूण क्रीडा कामगिरीसाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद चषक दिला जातो.

अकरावी व बारावीचे विद्यार्थी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात शिकत असले, तरी त्यांच्या स्पर्धा वेगळ्या असतात. ते राज्य शासनाच्या क्रीडा विभागामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात खेळतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावरच विद्यार्थी विद्यापीठाच्या क्रीडारचनेत येतो. म्हणून बारावीनंतर खेळाडू कोठे प्रवेश घेतो, याला संघाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्व असते.

स्थलांतराचे प्रकार

महाविद्यालयीन खेळाडूंच्या स्थलांतराचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

एकाच विद्यापीठातील बदल: विद्यार्थी एका संलग्न महाविद्यालयातून दुसऱ्या संलग्न महाविद्यालयात जातो. यासाठी पहिल्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखला लागतो. अशा बदलात महाविद्यालयाचा संघ बदलतो, मात्र विद्यापीठाचा संघ तोच राहतो. नाशिकमधील पदवीधर धावपटूने पुण्यातील चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास तो पुणे विद्यापीठाचाच खेळाडू राहतो.

विद्यापीठांतर: विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात जातो. येथे मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता मान्यता आवश्यक असते. वरील उदाहरणातील धावपटूने पुण्याऐवजी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाची निवड केली, तर तो संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत जातो आणि पुणे विद्यापीठाच्या संघाला मुकतो.

अभ्यासक्रमाच्या स्वरूपातील बदल: नोकरी किंवा पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी खेळाडू नियमित अभ्यासक्रम सोडून दूरशिक्षणाकडे वळतो. त्याचे शिक्षण चालू राहते, परंतु पूर्वीच्या महाविद्यालयाच्या संघातील त्याचे स्थान संपते.

क्रीडारचनेतून बाहेर पडणे: सेनादले, रेल्वे, पोलीस किंवा सार्वजनिक उपक्रमांत नोकरी मिळाल्यावर खेळाडू त्या संस्थेच्या संघात जातो. लांब पल्ल्याचे धावणे, नौकानयन, कुस्ती, कबड्डी अशा खेळांत ही वाट विशेष परिचित आहे.

पात्रता नियम

आंतरविद्यापीठ स्पर्धांतील सहभागासाठी भारतीय विद्यापीठ संघाने पात्रतेच्या अटी घातल्या आहेत. त्यांतील प्रमुख अटींचा आशय असा आहे:

• खेळाडू किमान एक शैक्षणिक वर्ष कालावधीच्या पदवी किंवा पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी असावा.
• त्याचा प्रवेश पूर्ण झालेला असावा. तात्पुरता प्रवेश ग्राह्य धरला जात नाही.
• तो पूर्णवेळ नोकरीत नसावा.
• एका शैक्षणिक वर्षात त्याने एकाच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करावे.
• विद्यापीठीय शिक्षणासाठी पात्र ठरवणारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून ठरावीक वर्षांतच त्याला खेळता येते. ही मर्यादा एकूण ८ वर्षांची आहे.
• त्याचे वय विहित मर्यादेत असावे. पूर्वी २८ वर्षे असलेली कमाल वयोमर्यादा पुढे २५ वर्षांवर आणण्यात आली.

तात्पुरता प्रवेश ग्राह्य न धरण्याच्या अटीचा स्थलांतरित खेळाडूंशी थेट संबंध आहे. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्याचे स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रके आणि पात्रता मान्यता यांची पूर्तता होण्यास वेळ लागतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम मात्र पहिल्या सत्रातच सुरू होतो. कागदपत्रे वेळेत पूर्ण झाली नाहीत, तर खेळाडू मैदानावर सराव करत असूनही त्याचे नाव प्रवेशिकेत घालता येत नाही. एका वर्षात एकाच विद्यापीठातून खेळण्याच्या अटीमुळे हंगामाच्या मध्यावर संघ बदलण्याची वाटही बंद होते.

वयोमर्यादेतील घट ही गेल्या काही वर्षांतील सर्वांत परिणामकारक नियमबदलांपैकी एक होय. जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांसाठीही आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघाने २८ वर्षांची जुनी मर्यादा खाली आणली. वयाच्या १८ व्या वर्षी बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला २५ व्या वर्षापर्यंत सुमारे ७ वर्षे मिळतात आणि त्यांत पदवी व पदव्युत्तर शिक्षण बसते. मात्र आर्थिक अडचणीमुळे शिक्षणात खंड पडून २० किंवा २१ व्या वर्षी बारावी झालेल्या विद्यार्थ्याकडे ४ ते ५ वर्षेच उरतात. ८ वर्षांची मर्यादा त्याच्या बाबतीत लागू होण्यापूर्वीच वयाची मर्यादा लागू होते. लांब पल्ल्याच्या धावण्यात सहनशक्ती उशिरा परिपक्व होत असल्याने ग्रामीण व आदिवासी भागांतून आलेल्या धावपटूंना ही अट अधिक जाचक ठरते. दुसरीकडे, मर्यादा कमी झाल्यामुळे केवळ खेळण्यासाठी एकामागून एक अभ्यासक्रमांना प्रवेश घेण्याच्या प्रथेला आळा बसतो आणि नव्या विद्यार्थ्यांना संघात जागा मिळते.

विद्यापीठांच्या सीमांमधील बदल

खेळाडू जागचा न हलताही त्याचा संघ बदलू शकतो. नाशिकच्या महाविद्यालयांच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे.

हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पुणे विद्यापीठ अस्तित्वात नव्हते आणि नाशिक मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठीचा रोहिंटन बारिया चषक १९३५ साली सुरू झाला, त्या काळात नाशिकच्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाच्या संघातच स्थान मिळवावे लागे. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर नाशिक त्याच्या कक्षेत आले. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आरंभी पश्चिम महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांत पसरले होते. १९६२ साली कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे व जळगाव या ५ जिल्ह्यांपुरते उरले. ऑगस्ट १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या स्थापनेनंतर धुळे व जळगाव वेगळे झाले. तोवर एकाच विद्यापीठ संघासाठी झटणारे नाशिक व जळगावचे खेळाडू यामुळे प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे झाले.

१९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या आदी महाविद्यालये त्याच्याकडे गेली. मराठा विद्या प्रसारक समाजाचे आडगाव येथील वैद्यकीय महाविद्यालय १९९० साली सुरू झाले होते. तेही या बदलात आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडले गेले. परिणामी एकाच संस्थेचे कला शाखेचे आणि वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी आज दोन निरनिराळ्या विद्यापीठांचे खेळाडू आहेत. तंत्रशिक्षणाच्या क्षेत्रात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाल्यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबाबतही अशी विभागणी शक्य झाली. नाशिकजवळ महिरावणी येथे संदीप विद्यापीठ हे खासगी विद्यापीठ असून त्याचा संघ स्वतंत्र असतो.

स्वायत्त महाविद्यालय आणि स्वतंत्र विद्यापीठ यांत येथे फरक करणे आवश्यक आहे. स्वायत्तता मिळालेले महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते, पण त्याची संलग्नता कायम राहते. त्यामुळे त्याचे खेळाडू मूळ विद्यापीठाच्याच स्पर्धांत खेळतात. समूह विद्यापीठ किंवा खासगी विद्यापीठ झाल्यास मात्र खेळाडूंचा गट पूर्णपणे वेगळा होतो. मुंबईतील डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ व एचएसएनसी विद्यापीठ आणि साताऱ्यातील कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ ही समूह विद्यापीठांची उदाहरणे आहेत.

अशा विभाजनाचे परिणाम दुहेरी असतात. नव्या विद्यापीठात स्पर्धकांची संख्या कमी असल्यामुळे मधल्या फळीतील खेळाडूला अखिल भारतीय स्पर्धेत उतरण्याची संधी मिळते. याउलट, मोठ्या विद्यापीठातील कडवी अंतर्गत स्पर्धा, अनुभवी मार्गदर्शक आणि सराव शिबिरे यांपासून तो दूर जातो. महाविद्यालयांना मात्र जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी होणाऱ्या लढती गमवाव्या लागतात.

प्रवेशप्रक्रियेतील बदल

पूर्वी महाविद्यालये बहुतांश प्रवेश स्वतःच्या पातळीवर देत. शारीरिक शिक्षण संचालक शालेय स्पर्धांना हजेरी लावून गुणी खेळाडू हेरत आणि त्यांना आपल्या महाविद्यालयात येण्याचा आग्रह करत. शुल्कातील सवलत, वसतिगृहातील जागा, गणवेश, सरावासाठी साहित्य आणि प्रवासखर्च एवढ्याच गोष्टी महाविद्यालय देऊ शकत असे. यालाच भारतीय महाविद्यालयीन खेळातील भरती म्हणता येईल. तिला कोणतेही औपचारिक स्वरूप नव्हते.

केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेमुळे या पद्धतीला मर्यादा आल्या. नाशिक शहरात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. विधी, अभियांत्रिकी, शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. गुणवत्ता यादी व पसंतीक्रम यांवर जागा ठरत असल्याने महाविद्यालयाला हवा असलेला खेळाडू तेथे येईलच असे नाही. प्रक्रियेत पारदर्शकता आली, परंतु संघबांधणीतील सातत्य कमी झाले. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी प्रवेशात महाविद्यालयांना तुलनेने अधिक मोकळीक असल्याने खेळाडूंचा ओढा याच शाखांकडे दिसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील तरतुदींचाही या विषयाशी संबंध आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवी अभ्यासक्रम रचना २०२४-२५ पासून अमलात आली. चार वर्षांच्या पदवीचा पर्याय उपलब्ध झाल्याने खेळाडूला एकाच महाविद्यालयात एक वर्ष अधिक राहता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेमुळे मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. संस्था बदलताना पूर्वीचे शिक्षण वाया जाण्याची भीती त्यामुळे कमी होते. म्हणजेच एकच धोरण खेळाडूला थांबण्यास वाव देते आणि जाणेही सुलभ करते. क्रीडापात्रतेचे नियम मात्र वर्ष, वय आणि पूर्ण प्रवेश यांवरच आधारलेले आहेत.

नोकरी व सेनादले

नाशिक परिसरातील नामवंत खेळाडूंचे प्रवास पाहिले असता महाविद्यालयीन संघ हा त्यांच्या वाटचालीतील केवळ एक टप्पा असल्याचे, तर काहींच्या बाबतीत तो टप्पाच वगळला गेल्याचे दिसते.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ २०१२ साली भूदलात दाखल झाले आणि तेथे त्यांना नौकानयनाची ओळख झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सिंगल स्कल्स प्रकारात ते एकूण क्रमवारीत १३ वे आले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कल्स प्रकारात सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत त्यांचा समावेश होता. शिक्षण सोडून नोकरी पत्करावी लागलेल्या तरुणाला सेनादलाने खेळ दिला, असे हे उदाहरण आहे.

सावरपाडा येथील कविता राऊत यांनी २०१० साली दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळातील नोकरीने त्यांच्या कारकिर्दीला आधार दिला. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकमध्ये तयार झालेल्या धावपटूंत त्यांच्यासह संजीवनी जाधव, मोनिका आथरे आदींचा समावेश होतो. संजीवनी जाधव यांनी २०१७ साली भुवनेश्वर येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकले. दुसरे पदक विद्यार्थिनी म्हणून पात्र असतानाच मिळू शकले, ही बाब पात्रता नियमांच्या संदर्भात लक्षणीय आहे.

पूर्णवेळ नोकरी करणारा खेळाडू विद्यापीठ संघात खेळू शकत नसल्याने नोकरीची संधी आणि संघातील स्थान यांतून एकाची निवड करावी लागते. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी ही निवड बहुधा ठरलेलीच असते. महाराष्ट्र शासनाने २००५ साली नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण लागू केले आणि २०१६ साली त्याचे निकष सुधारले. सुधारित पद्धतीत क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी अनिवार्य आहे. त्यामुळे कोणत्या स्पर्धेत आणि कोणत्या संघातून खेळलो, याची कागदोपत्री नोंद खेळाडूच्या भवितव्याशी जोडली गेली. अपात्र असताना खेळल्यास त्याची झळ संघाच्या निकालाबरोबरच त्या प्रमाणपत्रालाही बसू शकते.

खेळानुसार परिणाम

वैयक्तिक खेळांत एका खेळाडूच्या जाण्याने महाविद्यालयाची पदके कमी होतात, मात्र इतरांच्या खेळावर थेट परिणाम होत नाही. क्रॉस कंट्रीसारख्या प्रकारात वैयक्तिक क्रमांकांच्या बेरजेवर सांघिक निकाल ठरत असल्यामुळे आघाडीचा एक धावपटू गेला, तरी संघाचे स्थान घसरते.

नौकानयनात परिणाम अधिक तीव्र असतो. चौघांच्या नावेत वल्ह्यांची लय, वजन आणि बसण्याचा क्रम यांचा मेळ महिनोन्‌महिन्यांच्या सरावातून साधतो. एक जण गेल्यास उरलेल्या तिघांनाही नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय हा खेळ सर्वत्र उपलब्ध नसल्याने बाहेरून तयार खेळाडू मिळण्याची शक्यता अल्प असते.

कबड्डीत मैदानावर ७ आणि खो-खोत ९ खेळाडू असतात. या खेळांत राखीव फळी असते, परंतु मुख्य चढाईपटू किंवा अनुभवी संरक्षक गेल्यास डावपेच बदलावे लागतात. २०१४ साली प्रो कबड्डी लीग आणि २०२२ साली अल्टिमेट खो-खो सुरू झाल्यापासून महाविद्यालयीन वयातील खेळाडूंपुढे व्यावसायिक संघांचा पर्यायही उभा राहिला आहे.

पदवीचा कालावधी मर्यादित असल्याने कोणत्याही महाविद्यालयाचा संघ दर तीन-चार वर्षांनी जवळजवळ पूर्ण बदलतो. ज्येष्ठ खेळाडूंनी कनिष्ठांना शिकवण्याची परंपरा टिकली, तर हा बदल पचवता येतो. एकाच वर्षी तीन-चार प्रमुख खेळाडू बाहेर गेल्यास ही साखळी तुटते आणि संघ पुन्हा उभा करण्यास काही वर्षे लागतात. लहान महाविद्यालयांना याचा फटका अधिक बसतो.

शिष्यवृत्त्या व खासगी विद्यापीठे

खेळाडूंना पूर्ण शुल्कमाफी, निवास, आहार व प्रशिक्षण देणाऱ्या खासगी आणि अभिमत विद्यापीठांमुळे विद्यापीठीय खेळातील समतोल बदलला. २०२० साली भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धेत चंडीगडचे पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या दोन्ही सार्वजनिक विद्यापीठांनी प्रत्येकी १७ सुवर्णपदके मिळवली. रौप्यपदके अधिक असल्याने पंजाब विद्यापीठ पहिले, तर पुणे विद्यापीठ दुसरे आले. २०२२ साली बंगळूर येथील दुसऱ्या स्पर्धेत जैन विद्यापीठ २० सुवर्णपदकांसह अग्रस्थानी राहिले आणि लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटीने दुसरा क्रमांक मिळवला. २०२४ या वर्षासाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद चषक चंडीगड युनिव्हर्सिटी या खासगी विद्यापीठाला मिळाला.

संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत खेळाडू घडवण्याचा भार महाविद्यालयावर असतो आणि श्रेय विद्यापीठाला मिळते. खासगी विद्यापीठात दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थापनाकडे असतात. त्यामुळे निधी, भरती आणि सराव यांचा मेळ घालणे त्यांना सोपे जाते. नाशिकमधील गुणी खेळाडूला बाहेरून शिष्यवृत्तीचा प्रस्ताव आल्यास येथील महाविद्यालयाकडे तुल्यबळ आर्थिक पर्याय क्वचितच असतो. घराजवळचे प्रशिक्षण, ओळखीचे मार्गदर्शक आणि गोदाकाठचे सराव मार्ग एवढेच त्याला थांबवू शकतात.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

महाविद्यालयीन खेळाडूंच्या स्थलांतराची सर्वाधिक चर्चा अमेरिकेत होते. तेथील नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या संस्थेच्या जुन्या नियमांनुसार फुटबॉल, बास्केटबॉल आदी खेळांत विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक वर्ष स्पर्धेबाहेर राहावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्थलांतरासाठी नावनोंदणीची ऑनलाइन यंत्रणा सुरू झाली. २०२१ साली एकदा बदल करून लगेच खेळण्याची मुभा सर्व खेळांत देण्यात आली आणि २०२४ साली शैक्षणिक अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी बदलांच्या संख्येवरील बंधनही उठले.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांच्या वापरातून उत्पन्न मिळवता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना देण्याची परवानगी मिळाली. यामुळे तेथील प्रशिक्षकांना दरवर्षी नव्या भरतीबरोबरच स्वतःचे खेळाडू टिकवण्याचीही धडपड करावी लागते.

भारतात प्रक्षेपण हक्क व तिकीट विक्रीतून महाविद्यालयांना असे उत्पन्न मिळत नसल्याने स्थलांतरामागील प्रेरणा भिन्न आहे. अमेरिकेत खेळाडू अधिक मोबदला किंवा खेळण्याचा अधिक वेळ यांसाठी विद्यापीठ बदलतो. नाशिकमधील खेळाडू प्रामुख्याने वसतिगृह, आहार, पुढील अभ्यासक्रम किंवा नोकरी यांसाठी जागा बदलतो. घडवणारी लहान संस्था आणि लाभ घेणारी मोठी संस्था यांच्यातील तणाव मात्र दोन्हीकडे सारखाच आढळतो.

मतप्रवाह

पात्रतेचे कठोर नियम असावेत असे मानणाऱ्यांच्या मते, बंधने नसतील तर मोठ्या संस्था तयार खेळाडू पळवतील, केवळ खेळापुरते प्रवेश वाढतील आणि लहान महाविद्यालयांना संघ घडवण्याचे प्रयोजन उरणार नाही. वर्ष व वयाच्या मर्यादेमुळे विद्यापीठीय खेळ विद्यार्थ्यांचाच राहतो, असाही युक्तिवाद केला जातो.

विरुद्ध बाजूने असे मांडले जाते की, प्राध्यापक किंवा सामान्य विद्यार्थी संस्था बदलताना कोणाच्या परवानगीची वाट पाहत बसत नाही, मग खेळाडूवरच अधिक बंधने का? शिक्षणातील खंड हा पुष्कळदा गरिबीचा परिणाम असतो आणि वयाची सरसकट अट त्याच विद्यार्थ्यांना बाहेर ठेवते. कागदपत्रांच्या विलंबामुळे वाया गेलेला हंगाम भरून काढता येत नाही, कारण खेळाडूच्या वाट्याला असे मोजकेच हंगाम येतात.

या दोन भूमिकांच्या मधला मार्ग म्हणून काही उपाय सुचवले जातात. त्यांत स्थलांतरित खेळाडूंची कागदपत्रे प्राधान्याने निकाली काढणे, शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी वयाच्या अटीत मर्यादित सवलत देणे, आणि खेळाडूने पुढे विद्यापीठासाठी पदक मिळवल्यास त्याला घडवणाऱ्या महाविद्यालयाला क्रीडानिधीचा काही वाटा देणे यांचा समावेश होतो. यांपैकी शेवटच्या उपायाचे तत्त्व जागतिक फुटबॉलमध्ये रूढ आहे. तेथे खेळाडूची खरेदी-विक्री झाल्यावर त्याला किशोरवयात प्रशिक्षण देणाऱ्या क्लबांना मोबदल्याचा ठरावीक हिस्सा मिळतो.

हे सुद्धा पाहा

• सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
• महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
• मराठा विद्या प्रसारक समाज
• खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा
• मौलाना अबुल कलाम आझाद चषक
• कविता राऊत
• दत्तू भोकनळ